दाखल्याची फी



तापाचे औषध घेऊन दवाखान्यातून निघताना आपण डॉक्टरांच्या हाती पैसे ठेवतो, तेव्हा आपल्या मनात कसलाही विकल्प येत नाही. पण पुढच्याच महिन्यात मुलाच्या नोकरीसाठी प्रकृतीचा दाखला हवा असतो, आपण त्याच डॉक्टरांकडे जातो, ते दाखल्याचे निराळे पैसे सांगतात आणि आपल्या कपाळाला आठी पडते. "इतक्या वर्षांचे आमचे घरचे डॉक्टर! चार ओळी खरडून सही करावयाची, तिचे कसले पैसे?" असे आपण त्यांच्या तोंडावर म्हणत नाही, पण घरी येऊन खचित म्हणतो. तक्रार रुपयांची असते त्याहून अधिक आपलेपणाची असते. घरच्या माणसाने व्यवहार दाखविला, हे आपल्याला बोचते.

आज या लहानशा दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लहानसा दिसणारा असे म्हणण्याचे कारण, त्याच्या पोटात दोन मोठे प्रश्न आहेत. एक श्रमाच्या मोलाचा आणि दुसरा शब्दाच्या खरेपणाचा.

यांपैकी पहिला प्रश्न नालवाडीला तरी नवा नाही. १९३२ च्या अखेरीस विनोबा या गावी राहावयास आले आणि केवळ सूतकताईच्या मजुरीवर माणसाचा निर्वाह होतो की नाही, हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिले. कातणाऱ्याला त्याच्या वेळाचे व कष्टाचे रास्त मोल मिळते काय, हा त्या प्रयोगामागचा प्रश्न होता. कातणाऱ्याचे श्रम निदान सुताच्या लडीत दिसतात तरी. जो श्रम डोळ्यांना दिसत नाही, त्याचे मोल कसे ठरवावयाचे?

आपल्या जुन्या गावगाड्याने याचा एक व्यवहारी तोडगा काढला होता. सुताराला सुगीनंतर खळ्यावरून बलुते मिळे. त्याबदल्यात वर्षभर नांगर, वखर, तिफण यांची डागडुजी तो करून देई. प्रत्येक खुंटीचा हिशेब कोणी मांडत नसे. पण कोणाला नवी गाडी करवून घ्यावयाची असली, तर तिची मजुरी वेगळी ठरे. सुतार तोच, वाकस तोच, तरी नवी गाडी बलुत्यात बसत नसे. त्याबद्दल सुताराला कोणी लोभी म्हटले नाही. सगळ्यांना लागणारे नेहमीचे काम सगळ्यांच्या धान्यातून होई आणि एकाच्याच उपयोगाचे जादा काम त्या एकाच्या पैशातून होई.

हाच न्याय वैद्यकाला लावलेला आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्य-विम्याची योजना चालविली. कुटुंबाने सुगीनंतर आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची आणि आजारपणात गावातील आरोग्यसेवकापासून सेवाग्रामच्या रुग्णालयापर्यंत उपचाराचा आधार मिळवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. त्या योजनेनेही एक रेघ ओढलीच. अवचित कोसळणाऱ्या दुखण्याला एक नियम होता. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या, आधी ठाऊक असणाऱ्या आणि सवडीने करता येणाऱ्या उपचारांना दुसरा. तेथे खर्चाचा काही वाटा सभासदाने उचलावयाचा होता. सामाईक कणगीतले धान्य कशासाठी आणि कशासाठी नाही, हे आधी ठरविल्यावाचून कोणतीही सामाईक कणगी टिकत नाही.

सातासमुद्रापलीकडे इंग्लंडातही हेच दिसते. तेथे ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि घरच्या डॉक्टरांकडील तपासणी लोकांना फुकट मिळू लागली. फुकट म्हणजे कोणीच पैसे देत नाही असे नव्हे. ते करांतून जमतात आणि डॉक्टरांना मुख्यतः त्यांच्याकडे नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर मिळतात. पण प्रवासाच्या विम्याचा कागद, खाजगी कामासाठीचा दाखला, शर्यतीत धावण्यास प्रकृती योग्य असल्याचे पत्र अशा गोष्टी त्या सेवेत बसत नाहीत. त्यांची फी डॉक्टर वेगळी घेतात आणि तेथील लोकही आपल्यासारखेच विचारतात, "सगळे फुकट असताना याचेच पैसे का?" उत्तर सुताराच्या नव्या गाडीचेच आहे.

आपल्याकडे मात्र घोटाळा जरा निराळा आहे. बहुतेकांच्या घरच्या डॉक्टरांना ना सरकारी पगार, ना ज्वारीची वर्गणी. जागेचे भाडे, कंपाउंडरचा पगार, विजेचे बिल, सारे रोजच्या मिळकतीतून भागवावयाचे. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या आपली सवय अशी की, आपण सल्ल्याचे पैसे कधी दिलेच नाहीत. दिले ते औषधाचे. कागदाच्या कातरलेल्या पट्टीने डोस दाखविणारी मिक्श्चरची बाटली अनेकांना आठवत असेल. डॉक्टरांचे ज्ञान, त्यांनी नाडीवर ठेवलेला हात, रात्रीच्या जागरणाने आलेला अनुभव, हे सारे त्या बाटलीच्या किमतीत मुकाट्याने मिसळलेले असे. त्यामुळे दोन अनर्थ झाले. "सुई टोचली नाही, मग पैसे कशाचे?" असे रोगी म्हणू लागला आणि नको तेथे सुई टोचली जाऊ लागली. दुसरे असे की, ज्या कामात बाटलीही नाही आणि सुईही नाही, ते काम फुकटचे, असा समज रूढ झाला. दाखला हे तसलेच काम आहे.

आता त्या चार ओळींत काय काय असते ते पाहू. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांना २००२ सालची आचारसंहिता लागू आहे. २०२३ साली नवी नियमावली आली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. या संहितेप्रमाणे दिलेल्या प्रत्येक दाखल्याची डॉक्टरांनी नोंदवहीत नोंद ठेवावयाची असते. रोग्याची सही किंवा अंगठा, पत्ता, अंगावरची एखादी ओळखीची खूण टिपावयाची असते आणि दाखल्याची प्रत जपावयाची असते. दाखला खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरला, तर नोंदणीपुस्तकातून नाव कमी होण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. तसे झाल्यास त्या एका सहीपायी आयुष्याचा व्यवसाय जातो. उद्या तो कागद न्यायालयात गेला, तर डॉक्टरांनाही दवाखाना बंद ठेवून साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

वेळाचा हिशेबही करून पाहा. समजा, दवाखान्यात एका तासात बारा रोगी तपासून होतात. विमा कंपनीचा एक लांबलचक अर्ज भरावयाचा, तर जुने कागद चाळणे, तारखा जुळविणे, कोणत्या साली कोणता विकार होता ते नोंदविणे, यांत पंचवीस मिनिटे सहज जातात. म्हणजे पाच रोग्यांचा वेळ गेला. डॉक्टरांनी याचे काही घेतले नाही, तर त्याची किंमत बाहेर बाकावर तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसलेली बाई देते. ती वाट पाहून देते. घरी बोलावून घेतलेल्या व्हिजिटचेही तसेच आहे. आपण डॉक्टरांचा केवळ आपल्या घरातला वेळ मोजतो. त्यांचा जाण्यायेण्याचा वेळ आणि मागे खोळंबलेली रांग मोजत नाही.

येथवर श्रमाचे मोल झाले. आता दुसरा आणि माझ्या मते अधिक मोलाचा मुद्दा शब्दाच्या खरेपणाचा. समजा, एक गृहस्थ अमरनाथच्या यात्रेसाठी प्रकृतीचा दाखला मागावयास नेमलेल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, "तुमच्या छातीला ती चढण झेपणार नाही, मी दाखला देऊ शकत नाही." आता फी द्यावयाची की नाही? आपल्यातील बहुतेक म्हणतील, "दाखलाच दिला नाही, मग फी कसली?" या उत्तरातच सारा घात आहे. "हो" म्हटले तर पैसे आणि "नाही" म्हटले तर काही नाही, असा व्यवहार ठरला, की आपण "हो" विकत घेतले आणि डॉक्टरांनी ते विकले. फी तपासणीची असली पाहिजे, सहीची नव्हे. दाखला मिळो वा न मिळो, ती तेवढीच असली पाहिजे. तपासणीचे पैसे घेऊन जो डॉक्टर निर्भयपणे "नाही" म्हणतो, तो आपला प्राण वाचवितो. आणि न तपासता, काही न घेता, ओळखीखातर सही देतो, तो भला वाटला तरी घातक असतो. आजारी नसताना रजेसाठी मागील तारखेचा दाखला मागणारे आपण, डॉक्टरांच्या शब्दाची किंमत स्वतःच्या हाताने उतरवितो. मग खऱ्या दुखण्याच्या दाखल्यावरही साहेब विश्वास ठेवीत नाहीत, याचे नवल ते काय?

याचा अर्थ डॉक्टरांनी वाटेल ते मागावे असा मुळीच नाही. त्याच आचारसंहितेने त्यांनाही बांधले आहे. फी आणि इतर आकार दवाखान्यातील फलकावर स्पष्ट लिहिले पाहिजेत. काम होऊन गेल्यावर नव्हे, तर आधी सांगितले पाहिजेत. एक कागद तर असा आहे की, त्याला फी घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. माणूस घरी वारला आणि अखेरच्या दुखण्यात डॉक्टरांचा उपचार चालू असला, तर मृत्यूच्या कारणाचा दाखला त्यांनी तत्काळ आणि विनामूल्य दिला पाहिजे, असे जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो. हे योग्यच आहे. तो कागद एकट्या घराच्या उपयोगाचा नाही. लोक कशाने मरतात हे साऱ्या समाजाला कळावे म्हणून तो आहे, आणि दुःखाच्या दारी सौदा नको, म्हणूनही आहे.

तेव्हा कागद कोणाच्या उपयोगाचा, हे पाहून त्याचा भार कोणी उचलावा ते ठरवावे. नवीन विमा उतरविताना आयुर्विमा महामंडळाला तपासणी हवी असते, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांची फी सामान्यतः महामंडळ देते. हाच नियम इतरांनीही का पाळू नये? जे कार्यालय, जी शाळा, जो मालक उठल्यासुटल्या दाखला मागतो, त्याला तो मागण्याचा काहीच खर्च पडत नाही. म्हणून मागणी वाढत जाते आणि भुर्दंड गरिबावर पडतो. इंग्लंडात आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी कामगाराचे स्वतःचे लेखी निवेदन पुरते, डॉक्टरांचा कागद लागत नाही. दोन दिवसांच्या सर्दीपडशासाठी माणसाला दवाखान्याच्या रांगेत उभे करण्यापेक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे स्वस्त पडते.

आपल्या बाजूने करण्यासारख्या गोष्टी सोप्या आहेत. दाखला मागण्याआधी फी विचारावी. विचारण्यात संकोच नको आणि सांगण्यात डॉक्टरांना राग नको. जुने कागद बरोबर न्यावेत. गर्दीची वेळ टाळावी. ज्याची खरोखर ऐपत नाही, त्याने तसे मोकळेपणाने सांगावे. पुष्कळ डॉक्टर अशा वेळी पैसे घेत नाहीत. मात्र ते त्यांचे औदार्य असते, आपला हक्क नव्हे, आणि ज्याची ऐपत आहे त्याने त्या औदार्यात वाटेकरी होऊ नये.

डॉक्टर घरचे आहेत, म्हणून त्यांनी पैसे घेऊ नयेत असे आपण म्हणतो. मला वाटते, ते घरचे आहेत म्हणूनच आपण त्यांच्याकडे खोटी सही मागू नये. त्यांच्या वेळाचे पैसे द्यावेत आणि त्यांचा शब्द आहे तसा ऐकून घ्यावा.