बांधावरील सागाचे माप

विदर्भातील गावांतून हिंडताना बांधावर सागाच्या रांगा पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतात. लागवड करताना शेतकरी जमीन, रोप, पाणी यांची बारकाईने चौकशी करतो. विकण्याची वेळ येते तेव्हा मात्र बहुधा घरात लग्नकार्य किंवा आजारपण निघालेले असते. व्यापारी दारी येतो, झाडांवरून नजर फिरवून ठोक रक्कम सांगतो आणि सौदा होतो. कापूस न तोलता कोणी देत नाही. मग वर्षानुवर्षे राखलेले लाकूडच न मोजता का द्यावे?

मापास एक टेप पुरते. उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेण्याचा प्रघात आहे. पाडलेल्या ओंडक्याचा घेर त्याच्या मध्यावर घ्यावा. घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग करावा व त्यास लांबीने गुणावे. ओंडका ६ मीटर लांब व मध्यावर घेर ६० सेंटीमीटर असल्यास चौथा हिस्सा १५ सेंटीमीटर होतो. म्हणून ०.१५ × ०.१५ × ६ = ०.१३५ घनमीटर, म्हणजे सुमारे पावणेपाच घनफूट लाकूड भरते.

या रीतीने येणारे माप खऱ्या गोल आकारमानाच्या सुमारे ७८ टक्केच असते. चिराईत कडेचा भाग वाया जातो, म्हणून ही सूट मापातच धरलेली आहे. ती गैर नव्हे. परंतु या मापावर ‘घट’ म्हणून व्यापारी पुन्हा वजावट मागू लागल्यास तीच घट दुसऱ्यांदा दिल्यासारखे होईल, हे शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे.

आता तेच झाड आणखी काही वर्षे राखले व त्याच लांबीचा ओंडका ९० सेंटीमीटर घेराचा झाला असे समजू. त्याचे माप ०.३०४ घनमीटर येते. घेर दीडपट झाला, लाकूड मात्र सव्वादोन पट झाले. शिवाय कोवळ्या सागात बाहेरचे पांढरट, लवकर किडणारे लाकूड अधिक असते. जाड ओंडक्यात पिंगट, टिकाऊ गाभ्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे जाड मालास दर घनमीटरमागेही अधिक भाव येतो. घाईने तोडणारा शेतकरी हे दोन्ही लाभ गमावतो.

याचा अर्थ एकही झाड तोडू नये असा नाही. सागास ऊन भरपूर लागते. दोन मीटरवर लावलेल्या रांगेत फांद्या एकमेकींत शिरू लागल्या की घेराची वाढ खुंटते. त्या वेळी विरळणी केलीच पाहिजे. येथे एक चूक वारंवार आढळते. गिऱ्हाईक मिळते म्हणून सरळ, सुदृढ झाडे आधी काढली जातात आणि वाकडी, दुबेळक्यांची झाडे मागे राहतात. वास्तविक क्रम उलटा हवा. वाकडी, रोगट व दबलेली झाडे प्रथम काढावीत. त्यांतून घराचे वासे, खांब व सरपण भागते, आणि उरलेल्यांस जागा मिळते.

सरकारी जंगलांतही हाच विचार आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस हे १८५६ साली ब्रह्मदेशातील पेगू येथे नेमले गेले, तेव्हा त्यांनी घेरानुसार वर्ग पाडून सागाची गणती केली. दरवर्षी लहान वर्गातून जितकी झाडे मोठ्या वर्गात येतील, त्या बेताने तोड ठरविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. पुढे १८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. वीस झाडांच्या मालकासही हे साधण्यासारखे आहे. झाडांना क्रमांक द्यावेत, दर उन्हाळ्यात घेर वहीत टिपावा. कोणते झाड वाढते आहे व कोणते नुसते उभे आहे, हे दोन-तीन वर्षांत आपोआप दिसते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी एक वही प्रत्यक्ष भरून दाखविल्यास भाषणापेक्षा अधिक उपयोग होईल.

तोड पानगळीनंतर, नवी पालवी फुटण्यापूर्वी करावी. खोड जमिनीलगत, वीतभरापेक्षा उंच न ठेवता, तिरपे व स्वच्छ कापावे, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. खुंटास जोमदार फुटवे येतात. त्यांपैकी एक-दोन सरळ फुटवे राखून बाकीचे काढावेत. तयार मुळावर वाढणारा हा फुटवा नव्या रोपापेक्षा आरंभी झपाट्याने वाढतो, मात्र पहिली दोन वर्षे त्यास गुरांपासून जपावे लागते.

साग स्वतःच्या मालकीचा असला तरी तो १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे. तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसल्यास या वेळी हेलपाटे पडतात, म्हणून ती आधीच करून घ्यावी. माल हलविण्यास वाहतूक परवाना वेगळा लागतो. तो हाती येण्यापूर्वी मालमोटार बोलावू नये. खोळंब्याचे भाडे विक्रीच्या रकमेतूनच जाते.