धानाला पाणी हवे, पण कधी?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा महाराष्ट्राचा धानपट्टा. बांधीत पाणी उभे असले की इथला शेतकरी निश्चिंत होतो. हा विश्वास पिढ्यांच्या अनुभवातून आला आहे, पण त्यात अर्धेच सत्य आहे. बांधीत पाणी किती साठले, याहून ते पिकाच्या कोणत्या अवस्थेत मिळाले, यावर धानाचा उतारा जास्त अवलंबून असतो.

धान ही पाणवनस्पती नव्हे. त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो, म्हणून जिथे हरभरा गुदमरून जाईल तिथे धान तग धरते. उभ्या पाण्याने तण दबते, स्फुरद आणि लोह पिकाला सहज मिळू लागते. चिखलणीमुळे खाली घट्ट थर तयार होतो आणि पाणी मुरणे कमी होते. तरीही किलोभर साळीमागे, पाऊस धरून, सरासरी २,५०० लिटर पाणी लागते, असा फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यातले सुमारे १,४०० लिटर बाष्परूपाने हवेत जाते. उरलेले झिरपते किंवा बांधांतून पाझरून जाते. बचतीला वाव आहे तो मुख्यतः या उरलेल्या पाण्यात.

अवस्थेनुसार गरज

रोवणीनंतर रोपे मूळ धरेपर्यंत उथळ पाणी लागते. पुढे फुटवे येण्याच्या काळात दोन ते पाच सेंटिमीटर पाणी पुरेसे असते. खोल पाण्यात फुटवे कमी येतात. फुटव्यांची संख्या पुरेशी झाली की जपानमधले शेतकरी काही दिवस शेतातले पाणी काढून टाकतात. त्यामुळे लोंबी न धरणारे उशिराचे फुटवे रोखले जातात आणि मातीत हवा खेळून मुळांना जोर येतो.

पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंतचा काळ मात्र नाजूक. तेव्हा ताण पडला तर परागकण वांझ राहतात, लोंबी पोटरीतून पूर्ण बाहेर येत नाही आणि दाण्यांच्या जागी पोचट टरफले हाती लागतात. हे नुकसान नंतर कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. सप्टेंबरअखेर पावसाने ओढ दिली की उशिरा पिकणारे भारी धान नेमके याच टप्प्यावर सापडते. दाणे भरेपर्यंत ओल टिकवावी आणि कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी बांधी मोकळी करावी.

आलटून पालटून पाणी

या समजेवर एक साधी पद्धत उभी राहिली आहे. पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीची, भोके पाडलेली प्लास्टिकची किंवा बांबूची नळी बांधीत रोवायची आणि तिच्यातली माती काढून घ्यायची. आतले पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाच सेंटिमीटर पाणी भरायचे. फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा मात्र पाणी हटू द्यायचे नाही. युरिया द्यायचा तो सुकलेल्या मातीत, पाणी सोडण्याच्या अगदी आधी, म्हणजे नत्र कमी वाया जाते.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली ५६ अभ्यासांतील ५२८ तुलना एकत्र तपासल्या. पंधरा सेंटिमीटरची ही मर्यादा पाळली तेथे पाणी सुमारे २३ टक्के वाचले आणि उताऱ्यात म्हणण्यासारखी घट आली नाही. माती त्याहून जास्त सुकू दिली तेथे उतारा सुमारे २३ टक्क्यांनी घसरला. बचत आणि नुकसान यांच्यातली सीमा इतकी अरुंद आहे. बांधीत हवा खेळल्याने मिथेन वायूही मोठ्या प्रमाणात घटतो. दाण्यात उतरणारे आर्सेनिक कमी होते, पण मातीत कॅडमियम असेल तर ते वाढू शकते. त्यामुळे मातीची परीक्षा आधी करायला हवी.

पाण्याचा भरवसा

फिलिपिन्सच्या तारलाक प्रांतात २००२ साली ही पद्धत पंपाच्या पाण्यावर आली. पाणी वाचले की इंधनाचा खर्च वाचत होता, म्हणून ती शेतकऱ्यांना पटली. कालव्यावर जिथे पाणीपट्टी क्षेत्रावर आकारली जाते, तिथे वाचवलेल्या पाण्याचा थेट लाभ वाचवणाऱ्याला होत नाही. फिलिपिन्समधल्याच बोहोल बेटावर सिंचन यंत्रणेने पाळ्या ठरवून पाणी सोडले, तेव्हा टोकाच्या शेतांपर्यंत पाणी पोचू लागले.

पूर्व विदर्भाला हा धडा लागू पडतो. इथे गोंड राजवटीत कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. खरिपातल्या धानाला शेवटच्या टप्प्यावर पाणी मिळावे, हे या तलावांचे मोठे काम. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढण्याची आणि दुरुस्तीची गावाची शिस्त सैल झाली. आजही अनेक ठिकाणी पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते. वरच्याने बांधी सुकवली तर खालचा कोरडा राहतो. पुढची पाळी कधी येईल हे ठाऊक नसलेला शेतकरी पाणी अडवून ठेवतो, त्यात त्याचा हट्ट नसतो. ती त्याची सुरक्षितता असते.

म्हणून नळी वाटण्याआधी पाळीचे वेळापत्रक जाहीर करून ते पाळले पाहिजे. प्रत्येक बांधीपर्यंत शेतचारी हवी, तलावातला गाळ निघायला हवा. सुरुवात उन्हाळी धानापासून करावी, कारण पावसाच्या दिवसांत बांधी सुकवणे आपल्या हाती नसते आणि उन्हाळ्यात प्रत्येक पाणी मोजून दिलेले असते. पाळी ठरल्या दिवशी येते हे दोन-तीन हंगाम दिसले, तर शेतकरी बांधी आपणहून सुकू देईल. संशोधनाने पाण्याची वेळ सांगितली आहे. ती पाळण्याची जबाबदारी आता पाणी सोडणाऱ्यांची आहे.