टाकीतला पाहुणा उपाशी राहू नये

बदनापुरात आमच्या घरी मुलांच्या हट्टापायी माशांची काचेची टाकी आली. रंगीत माशांसोबत दुकानदाराने मिशा असलेला एक चिमुकला मासाही दिला. "हा तळाची घाण खातो, याला वेगळं काही घालू नका," असे तो म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला. पोट खपाटीला गेलेला तो मासा महिनाभरात मेला. दादी एवढेच म्हणाल्या, "मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस तुम्हीच मुलांना सांगता ना?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग आम्ही माहिती काढली. या माशाचे नाव कोरिडोरास. दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांत राहणारा हा कॅटफिश आपल्याकडच्या मागूरचा दूरचा नातलग. यांच्यातले बहुतेक मासे 3 ते 7 सेंटिमीटर लांब असतात. अंगावर साध्या खवल्यांऐवजी दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात. मिशांनी वाळू चाचपत तो अळ्या-किडे शोधतो. विष्ठा मात्र खात नाही. वरच्या माशांनी अन्न खाली पोचू दिले नाही, तर तो उपाशीच राहतो.

मधूनच तो झपकन वर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू घेतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण सारखाच वर धावू लागला, तर पाणी बिघडले असे समजावे. आपल्याकडच्या मे महिन्यात जास्तच जपावे लागते, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी उरतो. टाकी खिडकीपासून दूर, सावलीत ठेवावी.

हा मासा कळपात राहणारा आहे, म्हणून निदान सहा आणावेत. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू घालावी. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. मासा हलवायचा असेल तर वाटीने उचलावा. जाळीत त्याच्या परांचे काटे अडकतात.

आणि कंटाळा आला म्हणून कोणताही परदेशी मासा दुधना नदीत किंवा सोमठाण्याच्या धरणात सोडू नये. टाकीतून असाच बाहेर पडलेला सकरमाउथ मासा आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.

आता आमच्याकडे सहा कोरिडोरास आहेत. इशाची नमाज झाली, टाकीचा दिवा मालवला की धाकटी तळाला बसणाऱ्या गोळ्या टाकते. दादी विचारतात, "मिशीवाल्यांना दिलं का?" त्यानंतरच आमचे ताट वाढले जाते.