शस्त्रसंधीची वाट न पाहता

हेगला १९१५ साली भरलेल्या स्त्रियांच्या परिषदेला पहिल्या महायुद्धावरच्या जाडजूड ग्रंथांत फार तर एखादा परिच्छेद मिळतो, आणि त्यातला सूर ठरलेला असतो: हेतू चांगला, पण बायका भाबड्या. हे ग्रंथ मी वर्षानुवर्षं अधाशासारखे वाचत आले आहे. हा शेरा मला खरा खुपू लागला तो ज्यूलिया ग्रेस वेल्स यांची छोटी पुस्तिका वाचल्यावर.

वेल्स मूळच्या कॅनडातल्या, क्वेबेक प्रांतातल्या. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात त्या इंग्रजी शिकवत. राजकारणाशी संबंध नाही, घराण्याचा दबदबा नाही. १९१४ च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी युद्ध थांबवण्याची एक योजना लिहून काढली. तिचं नाव ‘शस्त्रसंधीविना अखंड मध्यस्थी’, आणि हीच ती पुस्तिका.

तिच्यात अश्रू नाहीत, मातृत्वाची दुहाई नाही. आहे तो निखळ तर्क. शस्त्रसंधी आधी मागितली, तर त्या घडीला ज्याची सरशी आहे तो ती का मान्य करील? आणि तहाची भाषा जो आधी काढील तो दुबळा ठरतो, म्हणून दोघंही गप्प बसतात आणि माणसं मरत राहतात. तेव्हा बोलायचं ते तिसऱ्याने, आणि दोघांशी एकाच वेळी. तटस्थ देशांनी जाणकारांचं एक मंडळ बसवावं. आपापल्या सरकारांना बांधील करण्याचा अधिकार या सभासदांना नसावा, म्हणजे ते मोकळेपणाने विचार करतील. लढाई चालू असतानाच त्यांनी सर्व पक्षांकडे प्रस्ताव धाडावेत, नकार आला तर त्यातल्या हरकती टिपून नवा मसुदा करावा, पुन्हा धाडावा. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने या योजनेची शिफारस थेट अमेरिकन काँग्रेसकडे केली.

हेगची परिषद २८ एप्रिल ते १ मे अशी चालली. निमंत्रण देण्यात पुढाकार होता डच डॉक्टर आलेटा याकोब्स यांचा, अध्यक्षस्थानी शिकागोच्या जेन ॲडम्स. बारा देशांतून अकराशेच्या वर प्रतिनिधी आल्या. ब्रिटनमधून १८० जणींना यायचं होतं. सरकारने उत्तर समुद्रातली वाहतूकच बंद केली आणि पोचल्या त्या तिघी, त्याही आधीच देशाबाहेर असलेल्या. फ्रेंच संघटनांनी साफ नकार दिला. ब्रिटनच्या मिलिसेंट फॉसेट यांच्यासारख्या मताधिकाराच्या ज्येष्ठ नेत्यांनाही जर्मन फौजा मागे हटण्याआधी शांततेची भाषा देशद्रोहासारखी वाटत होती. या विरोधाला मी हलकं लेखत नाही. ज्यांची गावं शत्रूच्या ताब्यात होती त्यांचा संताप खरा होता. पण परिषदेचा नियमच होता की युद्धाला जबाबदार कोण, यावर सभागृहात चर्चा व्हायची नाही. म्हणूनच जर्मन आणि बेल्जियन बायका एका व्यासपीठावर बसू शकल्या.

वेल्सबाईंची योजना ठरावात आली. वाद पेटला तो पुढच्या पायरीवर. हंगेरीच्या रोझिका श्विमर म्हणाल्या, ठराव टपालाने धाडून भागणार नाही. बायकांनीच राजधान्यांमध्ये जाऊन ते हाती द्यावेत. अनेकींना हे नाटकी वाटलं. खुद्द ॲडम्स साशंक होत्या. सूचना कशीबशी मंजूर झाली. माझ्या मते परिषदेतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता तोच जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं. मे संपण्याआधी इटलीही युद्धात उतरली. तरीही शिष्टमंडळं निघाली. ॲडम्स आणि याकोब्स लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, बुडापेस्ट, रोम, पॅरिस अशा फिरल्या. श्विमर, अमेरिकन प्राध्यापिका एमिली बाल्च आणि स्कॉटलंडच्या क्रिस्टल मॅकमिलन यांचा गट स्कँडिनेव्हियात फिरला, आणि श्विमर वगळता पुढे पेट्रोग्राडलाही गेला. पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री, पोप, सगळ्यांनी त्यांना भेट दिली. दोन्हीकडच्या मंत्र्यांचं म्हणणं जवळपास एकच निघालं: आम्ही स्वतः मागणार नाही, पण तटस्थांनी मंडळ बसवलं तर आमची आडकाठी नाही. वेल्सबाईंनी सुट्टीत बसून बांधलेला अंदाज मंत्र्यांच्या दालनांत खरा ठरत होता.

अडलं ते पुढाकारावर. छोटे तटस्थ देश अमेरिकेकडे पाहत होते, आणि अध्यक्ष विल्सन हलेनात. हेगचे ठराव ही आजवरची सर्वोत्तम मांडणी आहे, असं त्यांनी ॲडम्सना सांगितलं, पण तटस्थांची परिषद बोलावली नाही. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी तर ही चळवळ मूर्खपणाची आणि हीन ठरवली. वर्षअखेरीस हेन्री फोर्डच्या पैशावर एक ‘शांतता जहाज’ निघालं, वेल्सबाईही त्यावर होत्या. वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. पुढे बाल्च यांची वेलस्लीमधली प्राध्यापकी गेली. वेल्स पुन्हा इंग्रजी शिकवू लागल्या.

जानेवारी १९१८ मध्ये विल्सननी आपली चौदा कलमं जाहीर केली. गुप्त करार नकोत, सागरी मार्ग खुले असावेत, शस्त्रं कमी व्हावीत, राष्ट्रांचा संघ असावा: हेगच्या ठरावांशी जुळणारं त्यात पुष्कळ आहे. अखंड मध्यस्थी तेवढी नाही, आणि असण्याचा प्रश्नही उरला नव्हता. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका स्वतःच युद्धात उतरली होती.