छत्तिसाव्या दालनाचे गुणदोष

मारामारीचा बोलपट म्हटला कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून दोन तट पडतात. वडीलधाऱ्यांच्या मतें तो पोरांचीं डोकीं बिघडविणारा उद्योग. मुलांच्या मतें त्याहून मोठी करमणूक जगांत नाहीं. गंमत अशी कीं दोन्ही पक्ष एकाच समजुतीवर उभे असतात, ती ही कीं अशा चित्रपटांत मारामारीवांचून पाहण्यासारखें कांहीं नसतें. ही समजूत ज्यापुढें टिकत नाहीं अशा एका चित्रपटाचा येथें विचार करावयाचा आहे. हाँगकाँगच्या शॉ बंधूंच्या चित्रसंस्थेनें १९७८ सालीं काढलेला हा चिनी चित्रपट ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’, म्हणजे शाओलिनचें छत्तिसावें दालन, या इंग्रजी नांवानें जगभर ओळखला जातो.

कथानक साधें आहे. चीनवर मांचू राजवंशाचा अंमल. कँटनमधील एक विद्यार्थी गुरुजींच्या उपदेशानें बंडवाल्यांस गुप्तपणें साहाय्य करूं लागतो. बिंग फुटतें, शाळा उद्ध्वस्त होते, बाप मारला जातो, आणि जखमी मुलगा भाजीपाल्याच्या आड दडून शाओलिनच्या बौद्ध विहारांत येऊन पडतो. तेथें त्याचें नांव सान ते असें होतें. पुढें विद्या आणि मग सूड. येवढें ऐकून कोणी म्हणेल, “हें तर शंभर वेळां पाहिलेलें!” त्याचें म्हणणें खोटें नाहीं.

परंतु त्यांतल्या ‘विद्या’ या एका शब्दावर दिग्दर्शकानें जवळजवळ अर्धा चित्रपट वेंचला आहे. पहिलें वर्षभर मुलाच्या हातीं केरसुणीच. मग शिकण्याची परवानगी मिळतांच हा उतावळा सर्वांत वरच्या दालनांत जाऊन बसतो. तेथें वृद्ध भिक्षु सूत्रें म्हणत असतात; त्यांतलें अक्षरही याला कळत नाहीं, आणि तेथून त्याची उचलबांगडी होते. आरंभ अर्थात् सर्वांत खालून करावा लागतो. भोजनगृहाच्या वाटेवर पाणी, आणि पाण्यावर तरंगणारी लांकडांची मोळी. तिच्यावर पाय देऊन पलीकडे जावयाचें. पडला तो भिजला, आणि भिजलेल्याची जेवणाची वेळ टळली. पुढच्या दालनांत हात ताठ पसरून पाण्याच्या बादल्या चढावर न्यावयाच्या. दंडांना आंतून सुऱ्या बांधलेल्या असतात. हात जरा ढिला पडला कीं पातें बरगडींत. कोठें लांब बांबूच्या टोंकाला वजन बांधून केवळ मनगटाच्या बळावर घंटा वाजवावयाची, तर कोठें धुमसणाऱ्या जाड उदबत्त्यांच्या मध्यें मान न हलवितां डोळ्यांनींच हलत्या ज्योतीचा पाठलाग करावयाचा.

या सबंध भागांत शत्रु असा कोणी नाहीं. आहे तो स्वतःचा देह. गुरु फारसें समजावून सांगत नाहींत. मोळी कां बुडते हें ज्याचें त्यानें शोधावें. पाहणाऱ्याचेही खांदे दुखूं लागतात, आणि प्रवेश संपल्यावर लक्षांत येतें कीं इतका वेळ कोणी कोणाला मारलेलें नसूनही आपण खिळून बसलों होतों. शिकणें हेंच नाट्य होऊं शकतें, हें इतक्या निर्विवादपणें दाखविणारे चित्रपट आम्हीं तरी फार पाहिलेले नाहींत.

याला कारण आहे. दिग्दर्शक लाऊ कार-लिउंग यांना ही विद्या घरींच मिळाली. त्यांचे वडील लाऊ चाम हे लाम साई-विंग यांचे शिष्य, आणि लाम हे कँटनकडील विख्यात उस्ताद वोंग फे-हुंग यांचे शिष्य. नायकाचें काम करणारा गॉर्डन ल्यू हाही लाऊ चाम यांच्याच हाताखालीं तयार झालेला. म्हणून कॅमेरा बहुधा दूर उभा राहून सबंध शरीर दाखवितो. तुकडे जोडून पराक्रम उभा करण्याची लबाडी येथें क्वचितच आढळते.

आतां दोषांकडे वळूं. पसतीस दालनें पुरीं केल्यावर सान ते म्हणतो कीं, छत्तिसावें दालन काढावें, आणि त्यांत विहाराबाहेरच्या सामान्य लोकांना ही विद्या शिकवावी. चित्रपटाचें नांव ज्यावरून पडलें ती कल्पना हीच, आणि सर्वांत मोलाचीही हीच. वडील भिक्षूंना ती रुचत नाहीं. नायकाला विहाराबाहेर धाडण्यांत येतें. येथून पुढें चित्रपटाला जी घाई सुटते ती विलक्षण आहे. ज्यानें एक बादली उचलण्याला इतका अवधि दिला, तोच आतां रस्त्यांत भेटलेल्या चार कामकऱ्यांना हां हां म्हणतां चेले बनवितो. नायकाला जें वर्षानुवर्षें घासून मिळालें तें यांना कसें मिळालें, हें सांगण्यास त्याला सवड नाहीं. सूडाची घटका भरलेली असते ना! मग मांचू सेनापतीशीं द्वंद्व होतें आणि त्याचा वध होतो. भिक्षूनें शस्त्र धरून मनुष्य मारावा कीं नाहीं, हा बौद्ध विहारांतील कथेंत टाळतां न येणारा प्रश्न. चित्रपट तो टाळतो. मांचू तेवढे सगळे दुष्ट, हाही सोपा हिशेब झाला. स्त्री तर या जगांत जवळजवळ नाहींच.

छत्तिसाव्या दालनाचें हें उणेपण दिग्दर्शकालाही खुपलें असावें, असें मानण्यास जागा आहे. १९८० सालीं त्यांनीं याच नटाला घेऊन ‘रिटर्न टु द थर्टी-सिक्स्थ चेंबर’ हा दुसरा चित्रपट काढला. त्यांत सान ते म्हणून मिरविणारा एक भोंदू विहारांत शिरतो. त्याला विद्या न शिकवितां इमारतीभोंवतीं बांबूची परांची बांधावयास लावतात, आणि बांधतां बांधतांच ती त्याच्या अंगीं येते. रंगाच्या कारखान्यांतील मजुरांच्या बाजूनें तो लढतो, तेंही बांबू बांधण्याच्याच हातोटीनें. सामान्य माणसाचें शिकणें येथें खरोखरच पडद्यावर आलें आहे, शिवाय हंसतखेळत.

मुलांस दाखवावयाचा झाल्यास एक सूचना. पहिल्या चित्रपटाच्या आरंभींची कत्तल लहानांस सोसणारी नाहीं. दहा-बारा वर्षांच्या आंतील मुलांना तो विहाराच्या दारापासूनच दाखवावा. मागची हकीकत आजोबांनीं दोन वाक्यांत सांगितली तरी पुरते.