पानांतील दिवसपाळी व रात्रपाळी

पीक दिवसा उन्हाच्या साह्याने साखर तयार करते व रात्री तिचा काही भाग खर्चून आपला निर्वाह चालविते. ही दोन्ही कामे एकाच वेळी जोरात चालली, तर तयार साखर तेथेच मोडून श्रम व्यर्थ जातील. हे टाळण्याची व्यवस्था पानांतील हरितकणांतच असते.

साखर बनविण्याचे काम विकर नावाची प्रथिने करतात. त्यांपैकी काहींत गंधकाच्या अणूंच्या जोड्या असतात. अंधारात जोडीतील अणू एकमेकांस बांधलेले असतात व विकर मंद राहते. ऊन पडताच हरितद्रव्यातून इलेक्ट्रॉन निघतात. फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनामार्फत ते थायोरेडॉक्सिन या लहान प्रथिनाकडे पोचतात. थायोरेडॉक्सिन गंधकाचे बंध सोडविते आणि काम सुरू होते. सूर्यास्तानंतर बंध पुन्हा जुळतात. साखर मोडणारे एक विकर मात्र याच्या उलट वागते. ते उजेडात मंदावते व अंधारात जागे होते. अमेरिकेतील बॉब ब्यूकॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ही साखळी उलगडली.

यावरून शेतकरी बांधवांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तणांच्या सावलीतील पानास प्रकाश अपुरा पडतो व साखरेचे काम रखडते. म्हणून खुरपणी वेळेवर करावी. दुसरे, पिकास गंधक अवश्य लागते. कोवळी पाने आधी पिवळी पडल्यास गंधकाची, तर जुनी पाने आधी पिवळी पडल्यास नत्राची उणीव संभवते. गंधकाची उणीव असता केवळ युरिया टाकल्यास पैसा वाया जातो. म्हणून ग्रामसेवकांनी माती तपासून घेऊन मगच खताचा सल्ला द्यावा.