बारा तासांची फिरती रातपाळी : हिशेब झोपेचा

स्मरणिकेच्या पानांवर शिक्षण, शिष्यवृत्त्या, अल्पबचत, व्यसनमुक्ती अशा विषयांवर लेख येत असतात आणि ते यायलाच हवेत. आम्ही मात्र यंदा एका साध्या वाटणाऱ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे झोप. आपल्या सोलापुरात यंत्रमागावर, सूतगिरणीत, पहारेकरी म्हणून किंवा इस्पितळात रात्रभर जागून काम करणारी कितीतरी माणसे आहेत. त्यांतील बरीचशी आपल्याच वस्तीतील, आपल्याच नात्यागोत्यातील आहेत. त्यांची पाळी बारा तासांची असते, आणि पुष्कळ ठिकाणी ती दर आठवड्याला फिरते. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा आठवडा रातपाळी. या पद्धतीने माणसाचे काय होते, हे समजून घ्यावे एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

आम्ही पेशाने बँकेतील कारकून. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या खिडकीवर एक ओळखीचे गृहस्थ पैसे काढण्यासाठी आले. चादरीच्या कारखान्यात माग चालवणारे, आमच्याच गल्लीत राहणारे. स्लिपवरची सही नमुन्याशी जुळेना. दुसरी स्लिप दिली, तीवर रक्कम अक्षरात एक आणि आकड्यात दुसरीच. मागे रांग वाढत होती. आम्ही जरा तोडूनच म्हणालो, "दादा, घरून नीट लिहून आणत जा." ते काही न बोलता बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने पाहतो तर पासबुक हातात धरून बसल्या जागी झोपी गेलेले. नंतर चौकशी केली तेव्हा कळले, आदल्या दिवशी पाळी बदलली होती. सकाळी सातला उठलेला माणूस रात्रभर मागावर उभा राहून सरळ बँकेत आला होता. त्या माणसाला आम्ही अक्षर सुधारायला सांगत होतो! ती गोष्ट मनाला लागून राहिली आणि तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो.

बारा तास आले कोठून?

बारा तासांची पाळी ही काही नवी सोय नाही. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांच्या कामावर दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली होती. म्हणजे सहा दिवसांचे ७२ तास. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच परिषदेने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांचा करार केला, पण त्यात हिंदुस्थानसाठी आठवड्याला ६० तासांची वेगळी तरतूद होती. त्यानुसार १९२२ च्या कायद्याने ६० तास आणले, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ते ५४ केले.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४६ चा दुरुस्ती कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९४६ पासून बारमाही कारखान्यांत आठवड्याला ४८ तास, दिवसाला जास्तीत जास्त ९ तास ही मर्यादा आली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच पुढे चालवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. तिच्यातही दिवसाला आठ तास हेच मूळ माप असून जादा कामाला दुप्पट मजुरी आहे.

आता सुज्ञ वाचकांनीच हिशेब करावा. आज जो कामगार आठवड्याचे सहा दिवस बारा-बारा तास उभा असतो, तो ७२ तास काम करतो. म्हणजे तो १९४६ च्याच नव्हे, तर १९२२ च्याही मागे, थेट १९११ सालात जाऊन उभा आहे.

सोलापूरकरांना आठ तासांची पाळी अनोळखी नाही. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या भोंग्यांवर या शहराची घड्याळे लागत असत. गिरण्यांत आठ तासांच्या तीन पाळ्या असत. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि काम लहान लहान यंत्रमाग कारखान्यांत गेले. तिथे तीन पाळ्यांऐवजी दोन पाळ्या, तीन माणसांऐवजी दोन माणसे, असा हिशेब रूढ झाला. मजुरी नगावर, त्यामुळे कामगारालाही चार तास जास्त म्हणजे चार पैसे जास्त, असे वाटते. मालकाचीही अडचण असते. सुताचे भाव, वीजबिल आणि कामगारांची टंचाई त्यालाही चुकलेली नाही. दोष एकट्या कुणाचा नाही, हे आम्ही जाणतो. पण शरीराला या अडचणी समजत नाहीत.

शरीरातील घड्याळ

आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या मागील बाजूस, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो शरीराचे घड्याळ चालवतो. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावरून त्याला दिवस-रात्र कळते. झोप केव्हा यावी, भूक केव्हा लागावी, शरीराचे तापमान केव्हा उतरावे, हे सारे तो ठरवतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या घड्याळाचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ते मागेपुढे सरकते, पण सावकाश, दिवसाला साधारण एक तास. दिवसपाळीवरून रातपाळीवर जाणे म्हणजे घड्याळ पूर्ण बारा तास फिरवणे. त्याला दहा-बारा दिवस तरी हवेत. आणि पाळी तर सातव्या दिवशी बदलते! शरीर कुठे अर्धे वळते न वळते, तोच त्याला उलट फिरण्याचा हुकूम होतो. शिवाय रातपाळीचा माणूस सकाळी उन्हातून घरी जातो, तो उजेड घड्याळाला पुन्हा दिवसाकडे ओढतो. त्यामुळे आठवड्याने फिरणाऱ्या पाळीवरचा कामगार ना दिवसाचा राहतो, ना रात्रीचा. "सवय होते हो," असे आपण सहज म्हणतो. वर्षानुवर्षे काम करूनही सवय का होत नाही, याचे उत्तर येथे आहे.

आठ तासांच्या तीन पाळ्यांत निदान एक सोय असते. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमाने पुढे पुढे सरकत जाता येते, आणि उशिरा झोपणे हे लवकर झोपण्यापेक्षा शरीराला सोपे जाते. बारा तासांच्या दोन पाळ्यांत मधली पायरीच नसते. एकदम उलट्या टोकाला उडी मारावी लागते.

तोटा कोठे कोठे होतो?

पहिला तोटा झोपेचा. बारा तास काम, जाण्या-येण्याचा तास-दीड तास, अंघोळ, जेवण, बाजारहाट. हातात राहतात सात-आठ तास. त्यांतही दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी आणि सावध असते. सोलापूरचा एप्रिल-मे महिना, डोक्यावर पत्रा, बाहेर भाजीवाल्याची हाक, नळाला पाणी आले म्हणून धावपळ, शेजारी लग्नाचा बँड. चार-पाच तास डोळा लागला तरी नशीब म्हणायचे.

दुसरा तोटा सावधपणाचा. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि झोपेचा जोर सर्वाधिक असतो. बारा तासांच्या पाळीत ही वेळ येते तेव्हा माणसाचे आठ-नऊ तास काम होऊन गेलेले असते. दोन्ही ओझी एकाच वेळी अंगावर पडतात. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाने १९९७ साली दाखवून दिले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हातांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्याकडे वाहन चालवताना रक्तात ०.०३ टक्क्यांहून अधिक मद्य आढळले तर गुन्हा होतो. पाळी बदलण्याच्या दिवशी २४ तास जागून जो कामगार सायकल किंवा मोटारसायकल घेऊन अक्कलकोट रस्त्याने घरी निघतो, त्याने थेंबही घेतलेला नसतो, पण धोका तोच असतो. भोपाळची वायुगळती १९८४ साली मध्यरात्री झाली, चेर्नोबिलचा स्फोट १९८६ साली रात्री दीडच्या सुमारास झाला. त्यांची कारणे अनेक होती, तरी रात्रीची वेळ विसरून चालत नाही.

तिसरा तोटा प्रकृतीचा. अवेळी जेवणामुळे पित्त आणि अपचन तर घरोघरी ठाऊक आहे. परंतु दीर्घकाळ फिरत्या रातपाळ्या करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाणही जास्त आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रातपाळीची नोंद "कर्करोगास बहुधा कारणीभूत" या गटात केली. याचा अर्थ रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला रोग होतो असा नव्हे, पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

चौथा तोटा कुटुंबाचा, आणि तो कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही. मूल शाळेतून येते तेव्हा वडील कामावर निघालेले असतात. बापाची झोप मोडू नये म्हणून लहानग्यांना सतत दटावले जाते. चिडचिड वाढते. जागे राहायला तंबाखू आणि झोप यायला दारू, अशी साखळी पुष्कळ घरांत अशीच सुरू होते. व्यसनमुक्तीचे उपदेश करणाऱ्या आपण सर्वांनी या मुळाकडेही पाहिले पाहिजे.

उपाय कोणते?

खरा उपाय एकच, आठ तासांची पाळी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाचे काम ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, मात्र आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली. परदेशातील काही इस्पितळांत बारा तासांची पाळी असते, पण तिथे आठवड्याला तीन-चारच दिवस काम असते. ४८ तासांत बारा तासांचे चारच दिवस बसतात. तेव्हा बारा तास म्हणणाऱ्याला आपण नम्रपणे विचारावे, "उरलेले तीन दिवस सुट्टी आहे ना?"

तोपर्यंत जे हाती आहे ते करावे. पाळी बदलताना मध्ये किमान २४ तासांची मोकळीक मागावी, "डबल" करू नये. रात्री दोन-तीनच्या सुमारास आळीपाळीने वीस मिनिटे आडवे होण्याची मुभा मालकांनी द्यावी. त्यात माल बिघडण्याचे वाचते, हे त्यांनाही पटेल. चहा मध्यरात्रीपूर्वीच घ्यावा. डोळे मिटत असतील तर गाडी ठेवून रिक्षाने किंवा सोबतीने यावे. मधुमेह, रक्तदाब किंवा फिट्स असणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना पाळी सांगूनच ठरवाव्यात. हजेरी आणि जादा तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. कामगार कार्यालयात जाण्याची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

आणि आपण, जे रात्री सुखाने झोपतो, त्यांनीही काही करावे. घरात एक कोपरा जाड पडदा लावून अंधारा ठेवावा. दुपारी गल्लीत ध्वनिक्षेपक लावण्यापूर्वी शेजारी कुणी रातपाळीचा आहे काय, हे विचारावे. मंडळांनी आपल्या जयंती-उत्सवातही हे पाळले तर ते बाबासाहेबांच्या त्या ४८ तासांच्या कायद्याला शोभेल असेच होईल.

ते गृहस्थ अजूनही आमच्या खिडकीवर येतात. आता आम्ही त्यांची स्लिप आधीच भरून ठेवतो आणि फक्त सही करायला सांगतो. एवढ्याने त्यांची झोप भरून निघत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. ती भरून काढणे एका कारकुनाच्या हाती नाही, ते समाजाच्या हाती आहे. वाचकांनी विचार करावा, इतकीच विनंती.